वायरमनकाका, उजव्या हेडलाइटसाठी मनापासून आभार

वायरमनकाका,
सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी चिपळूणला तुमच्या गाळ्यावरून निघताना नुसतं "येते काका" म्हणाले. पाऊस कोसळत होता, आई गाडीत ताटकळली होती, मागे दोन रिक्षा उभ्या होत्या. आभार मानायचे राहूनच गेले. ते आज मानते, आणि चारचौघांत मानते, कारण तुम्ही सांगितलंत ते पावसाळ्यात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवं.

आदल्या आठवड्यात आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी कराडला गेले होते. परतताना हेळवाक सोडलं आणि अंधार पडला. कुंभार्ली घाटात धुकं तर होतंच, पण त्याहून वाईट म्हणजे उजव्या हेडलाइटच्या काचेला आतून वाफ धरली होती. उजेड पुढे जाईचना, तिथल्या तिथे पसरत होता. कडेची पांढरी रेघ दिसेना. पोफळीला उतरेपर्यंत माझा जीव मुठीत होता, आणि मागे आई डोळ्याला पट्टी बांधून बसलेली.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजात विचारलं, तर अख्खा हेडलाइट बदला म्हणाले. दुसऱ्यांनी सांगितलं, सगळ्या फटी सिलिकॉनने बुजवून टाका. मी ट्यूब आणलीसुद्धा होती! ती माझ्या हातातून काढून घेतलीत, त्याबद्दल पहिले आभार.

"ताई, हेडलाइट म्हणजे बंद बरणी नव्हे, त्याला श्वास लागतो," असं म्हणून तुम्ही मागच्या बाजूची कोपरासारखी वाकडी रबरी नळी दाखवलीत. दिवा तापला की आतली हवा फुगून तिथून बाहेर पडते. बंद केला किंवा गार पाणी पडलं की आत आकसते आणि बाहेरची हवा ओढून घेते. आपल्याकडे जुलैत ती हवा ओलीच असणार. मग गरम भाताच्या डब्यावर झाकण ठेवलं की त्याला आतून जसं पाणी सुटतं, तसं सगळ्यात गार भागावर, म्हणजे पुढच्या काचेवर, दव धरतं. बारीक धुरकटपणा असेल आणि दिवे अर्धा तास चालू ठेवल्यावर जात असेल, तर घाबरायचं कारण नाही. पण थेंब ओघळायला लागले, तळाला पाणी साचलं, तर मात्र कुठून तरी पाणी शिरतंय. माझ्या लाइटच्या तळाला बोटभर पाणी होतं.

तुम्ही ती नळी उपसून तळहातावर आपटलीत आणि सुक्या मातीचा गोळा पडला. कुंभारणीचं घर! त्या माशीने नळीत घर बांधलं होतं आणि लाइटचा श्वास कोंडला होता. पाणी कुठून आलं तेही तुम्हीच शोधलंत. गेल्या वर्षी मी एका ठिकाणी बाजारातला एलईडी बल्ब बसवून घेतला होता. त्याच्या मागचा पंखा मावेना, म्हणून बल्बमागची रबरी टोपी त्यांनी काढूनच टाकली होती. चाकाने उडवलेलं पाणी वर्षभर त्या भोकातून आत जात होतं. आणि त्या एलईडीचा उजेड पांढराफटक असला तरी तो हॅलोजनइतकी काच गरम करत नाही, त्यामुळे धरलेली वाफ लवकर जातही नाही. कंपनीतूनच एलईडी लाइट येतो त्याची रचना निराळी, हेही तुम्ही आवर्जून सांगितलंत.

मग काकूंचा हेअर ड्रायर आणून, मंद वाऱ्यावर, हातभर लांबून, घाई न करता तुम्ही आतली ओल वाळवलीत. काच म्हणतो खरं, पण ते प्लास्टिक आहे, जवळून तापवलं तर वाकेल म्हणालात. मी कापसाने आतून पुसू का विचारलं, तर नको म्हणालात, कारण रिफ्लेक्टरचा चकाकता थर हात लागला तरी जातो. ६०/५५ वॅटचा साधा हॅलोजन बल्ब काचेला बोट न लावता बसवलात, नवी टोपी चारी बाजूंनी दाबून पाहिलीत, मग वरून तांब्याने पाणी ओतून बॅटरीच्या उजेडात आत डोकावलात. त्या वेळी मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. दुसऱ्याच्या गाडीत इतका जीव ओतणारी माणसं फार कमी भेटतात.

२०२१ च्या जुलैत पूर आला तेव्हा चिखलाने भरलेले हेडलाइट उघडून उघडून हे सगळं शिकलो, असं तुम्ही जाता जाता म्हणालात. तुमचा स्वतःचा गाळा पाण्यात असताना! ते माझ्या मनातून जात नाही.

तुमच्या सूचना डायरीत लिहून ठेवल्या आहेत. प्रेशरचा पाइप हेडलाइटच्या कडेवर धरायचा नाही, आणि गरम दिव्यावर पाणी मारायचं नाही. आंबट वासाचं सिलिकॉन जवळही आणायचं नाही, कारण त्याच्या वाफेने आतला थर खराब होतो. ओल शोषणाऱ्या पुड्या आत टाकायच्या नाहीत, कारण त्यांचं पोट भरलं की दिवा तापल्यावर प्यालेली ओल त्या परत सोडतात.

पुढच्या महिन्यात आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. निघायच्या दोन दिवस आधी गाडी घेऊन येते. डावीकडची टोपीही कडेला चिरली आहे म्हणाला होतात, ती मागवून ठेवा. आईने तुमच्यासाठी आंबोशी बाजूला काढली आहे.

तुमची,
उजव्या हेडलाइटवाली ताई