डॅशकॅम बसवून देणाऱ्या वायरमन काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला तुम्ही सरळ परत पाठवता, त्याबद्दल आम्हां टूरिस्ट गाडीवाल्यांकडून तुमचे आधी आभार. डॅशकॅम, म्हणजे रस्ता रेकॉर्ड करणारा काचेवरचा कॅमेरा, चिकटवणं दहा मिनिटांचं काम आहे. तो मे महिन्यातल्या उन्हात आणि घाटातल्या खड्ड्यांत जागेवर राहणं हे वेगळं काम आहे, आणि तुम्ही पैसे या दुसऱ्या कामाचे घेता.

कॅमेरा पडला की सगळे टेपला शिव्या देतात. तुम्ही मात्र आधी काचेवर बोट फिरवून दाखवता. डॅशबोर्डचं प्लास्टिक तापलं की त्याची वाफ काचेच्या आतल्या बाजूवर बसते, वर धुलाईवाल्याने मारलेल्या पॉलिशचं सिलिकॉन. हा थर डोळ्यांना दिसत नाही, आणि टेप काचेला न चिकटता त्यालाच चिकटते. म्हणून आयसोप्रोपाइल अल्कोहोल एका स्वच्छ फडक्यावर घेऊन पुसायचं, ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपायचं, आणि हे दोनदा. नंतर त्या जागेला बोट लावायचं नाही. साध्या ग्लास क्लीनरवर तुमचा भरवसा नाही, आणि ते बरोबरच आहे. त्यातले काही स्वतःच थर सोडतात.

पावसाळ्यातली तुमची शिस्त तर आणखी कडक. एसीचा झोत काचेवर असला की काच गार पडते आणि दमट हवेतलं पाणी तिच्यावर धरतं. त्यावर टेप लावली तर ती दोन दिवसही टिकत नाही. एसी बंद, काच कोरडी, आणि वाटल्यास केस वाळवायच्या ड्रायरने लांबून जराशी कोमट. थ्रीएम कंपनीच्या व्हीएचबी या दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपला लावताना साधारण २१ ते ३८ अंश तापमान मानवतं. मे महिन्यात भर दुपारी उन्हातली काच याच्या बरीच वर जाते, म्हणून तेव्हा तुम्ही सकाळची वेळ देता.

टेप लावल्यावर मधून कडेकडे अंगठ्याने वीस सेकंद घट्ट दाबायचं आणि मग गाडीबाहेर येऊन काचेतून बघायचं, ही तुमची युक्ती आता सगळ्यांनी उचलली आहे. टेप बाहेरून एकसारखी गडद दिसली तर काम झालं. फिकट डाग दिसले तर तिथे हवा अडकली आहे, पुन्हा दाबा. एकदा उचकटलेली टेप मात्र परत वापरायची नाही. आणि कॅमेरा लगेच टांगायचा नाही! या टेपला वीस मिनिटांत पकडीची जेमतेम निम्मी ताकद येते, २४ तासांत ९० टक्के, पूर्ण ताकदीला ७२ तास. म्हणून आज नुसतं ब्रॅकेट, उद्या कॅमेरा. दोन फेऱ्या पडतात खऱ्या, पण कारण कळल्यावर कुणी कुरकुरत नाही.

जागेबाबत तुमचं म्हणणं थोडक्यात असतं: आरशाच्या डावीकडे, म्हणजे ड्रायव्हरची नजर अडत नाही, वायपर फिरतो त्या भागात, नाहीतर पावसात नुसते थेंब रेकॉर्ड होतील, आणि काळ्या ठिपक्यांच्या पट्टीखाली, कारण ठिपके उंचवटे असतात आणि त्यांच्यामध्ये हवा राहते. आरशामागे रेन सेन्सर किंवा लेनचा कॅमेरा असेल तर त्याच्यासमोर काहीही येता कामा नये. लेन्सचा कोन असा की क्षितिज चित्राच्या मधोमध. आकाश जास्त आलं की कॅमेरा उजेड कमी करतो आणि पुढच्या गाडीचा नंबर काळा पडतो.

सगळ्यांत जास्त आभार पिलरच्या, म्हणजे पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबातल्या, वायरचे. वायर नुसती पिलरच्या कव्हरमागे कोंबून देणारे पुष्कळ आहेत. कर्टन एअरबॅग छताच्या कडेला घडी करून ठेवलेली असते आणि पापणी लवायच्या आत खाली उघडते. तिच्यासमोरून वायर गेली तर एअरबॅग अडू शकते किंवा वायर माणसाच्या अंगावर फेकली जाऊ शकते. तुम्ही कव्हर काढता, वायर एअरबॅगच्या मागून नेता आणि कंपनीच्या वायरिंगला केबल टायने बांधता. काही गाड्यांत त्या कव्हरची क्लिप एकदाच वापरायची असते, तिथे नवी क्लिप घालता. तिचे वेगळे पैसे द्यायला आमची ना नाही.

फ्यूजबॉक्समध्येही तेच. वायर सोलून पीळ मारायचा नाही, फ्यूज टॅप, म्हणजे एका फ्यूजच्या जागी दोन फ्यूज बसवणारा जोड, लावायचा: खालच्या खाचेत मूळ फ्यूज, वरच्या खाचेत कॅमेऱ्याचा २ किंवा ३ अँपिअरचा. टॅप उलटा बसला तर कॅमेऱ्याचा करंटही मूळ फ्यूजमधूनच जातो, म्हणून आधी टेस्टरने करंट येणारी पिन शोधायची. एअरबॅग, एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि इंजिनच्या ईसीयूचे (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचे) फ्यूज वर्ज्य. अर्थिंग रंग नसलेल्या धातूच्या बोल्टवर. पार्किंग मोड, म्हणजे गाडी बंद असतानाही कॅमेरा चालू, हवा असेल तर वायरिंग किटचं कटऑफ (बॅटरी इतकी उतरली की कॅमेरा बंद करणारी मर्यादा) १२.२ किंवा १२.४ व्होल्टला ठेवायचं; पूर्ण भरलेली बॅटरी उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास असते, आणि १२ च्या खाली उतरू दिली की सकाळी धक्का मारायची पाळी.

मागच्या काचेवर डिफॉगरच्या, म्हणजे काच तापवून तिच्यावरचं दव घालवणाऱ्या, बारीक रेषा सोडून टेप लावायची, कारण टेप काढताना रेषा सोबत निघून येते आणि मग ती रेष तापत नाही. डिकीच्या दारात वायर रबरी नळीतूनच न्यायची, नाहीतर दार उघडबंद होताना ती चिरडते. आणि लिथियम बॅटरीऐवजी सुपर कपॅसिटरचा (वीज साठवणारा वेगळा भाग असलेला) कॅमेरा घ्या, हे तुम्ही विकत घ्यायच्या आधीच सांगता, म्हणून बंद गाडीत उन्हात फुगलेल्या बॅटऱ्या बघायची वेळ येत नाही.

कॅमेरा काढायचा झाला तर ब्रॅकेट हिसकायचं नाही, ड्रायरने गरम करून मागून मासेमारीची तंगूस करवतीसारखी ओढायची, हेही तुमच्याकडूनच कळलं. उरलेली टेप अंगठ्याने चोळून निघते.

आमच्यातल्या दोन नव्या गाड्यांत बुटके फ्यूज आहेत, त्यांना तुमच्याकडचे नेहमीचे टॅप बसत नाहीत. मापाचे टॅप आम्हीच घेऊन येतो. तुम्ही फक्त वार कळवा. गाड्या लागोपाठ दोन दिवस उभ्या ठेवू.

कळावे, लोभ असावा.

आपले,
स्टँडवरचे गाडीवाले