संयुक्त नेमणुकांचं मोल ठरवा

महोदय,
तिन्ही सैन्यदलांच्या संयुक्त कमांडची, म्हणजे एकाच प्रमुखाच्या हाताखाली तिन्ही दलं आणण्याची, चर्चा बहुतेक वेळा मुख्यालय कुठे आणि प्रमुख कोणत्या दलाचा, यावरच अडते. माणसांच्या नेमणुकांचं कुणी फारसं बोलत नाही, आणि माझ्या मते खरा पेच तिथेच आहे. देवळालीत तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र, नाशिकच्याच गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचं, ओझरला हवाई दलाचा दुरुस्ती डेपो. सगळं नाशिकच्या परिसरात, पण लष्कर आणि हवाई दलाची बढती-बदलीची यंत्रणा वेगवेगळी.

अंदमान-निकोबार कमांड २००१ पासून संयुक्त आहे. तरी शिस्तभंगाच्या कारवाईसाठी संबंधिताला मूळ दलाकडे पाठवावं लागे. ते अधिकार संयुक्त संस्थांच्या प्रमुखांना देणारा कायदा २०२३ मध्ये झाला, मे २०२४ मध्ये लागू झाला. उशिरा का होईना, हे उत्तम झालं.

बढती मात्र अजून मूळ दलाचं निवड मंडळच ठरवतं. नौदलाच्या वरिष्ठाने हवाई दलाच्या अधिकाऱ्याचा गोपनीय अहवाल लिहिला, तर मंडळापुढे त्याचं वजन किती? गुणांची मोजपट्टी सर्व हुद्द्यांसाठी, तिन्ही दलांत एकच हवी. नाहीतर हुशार अधिकारी अशी नेमणूक टाळणारच, आणि त्याला दोष कसा द्यायचा?

शिवाय बदलीचे आदेश शैक्षणिक वर्ष संपल्यावर निघावेत. सत्राच्या मध्येच शाळा बदलणारी मुलं आम्ही देवळालीकर नेहमी पाहतो. संरक्षण मंत्रालयाने किमान एवढं तरी लगेच करावं.

– एक माजी सैनिक, देवळाली कॅम्प, नाशिक