ओल्या कागदावरचं कोल्हापूर

सोलापूर,
रविवार सकाळ

प्रिय दिल्या,

काय बे, बारा वर्षं कोल्हापुरात राहतोस, तांबडा-पांढरा ओरपतोस आणि टाऊन हॉलचं म्युझियम अजून पाहिलं नाहीस? मी लग्नाला आलेला पाव्हणा, पंगत चुकवून तिथं जाऊन आलो. वहिनींना सांगू नकोस.

आबालाल रहिमान यांच्या चित्रापुढून पाय निघेना. लांबून पाणी हलतंय असं वाटतं, आणि जवळ जावं तर नुसते रंगाचे तुकडे! मी जन्मभर चादरीच्या ग्राफवर चौकोन भरलेला माणूस, मोजायची खोड जात नाही. पण तिथं मोजता येईनात. मुंबईच्या जे. जे.त शिकलेला हा माणूस शाहू महाराजांच्या दरबारी चित्रकार होता, पण रमला कोटितीर्थाच्या काठी. १९२२ मध्ये महाराज गेल्यावर त्यानं आपली कितीतरी चित्रं त्याच तळ्यात सोडली म्हणतात. खरंखोटं तळ्याला ठाऊक.

बाबूराव आणि आनंदराव पेंटर यांचं उलटं. कॉलेज नाही, पदवी नाही. नाटकाचे पडदे रंगवत तयार झाले. शेवटच्या रांगेतल्यालाही राजवाडा राजवाडाच दिसला पाहिजे, हे त्यांना पडद्यानंच शिकवलं असणार. आनंदराव १९१६ मध्ये अकाली गेले. बाबूराव कॅमेरा, मग १९२० चा 'सैरंध्री' असे सिनेमात शिरले, तरी कुंचला सुटला नाही. त्यांच्या 'सावकारी पाश'मधून पुढं आलेले चंद्रकांत मांडरेही निसर्गचित्रं काढत राहिले. माधवराव बागल तर चळवळीतले, तेही चित्रकार. जाहीरनामा नाही, मंडळ नाही. गाव एवढंसं, एकाचा ओला कागद दुसऱ्याला दिसायचाच.

परवा मीही जलरंगांची पेटी घेऊन इथल्या सिद्धेश्वर तळ्यावर बसलो. आभाळाचा निळा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ हात, ओढला, खाली पिवळा मिसळायला वळलो, तोवर निळा खडखडीत वाळलेला! मधोमध कडक रेघ उठली, चादरीच्या काठासारखी. आपल्या उन्हात जलरंग म्हणजे तव्यावर पाणी शिंपडणं. तुमच्याकडची ओल मला इथं कोण देणार?

म्हणून पुढच्या शनिवारी रात्रीच्या एसटीनं निघतो. शेंगाचटणी आणि कडक भाकरी आणतो. तू फक्त पहाटे सहाला पंचगंगेच्या घाटावर ये, आणि माझ्या उजेडात उभा राहू नकोस.

तुझा,
बंड्या