उठून जायची ताकद

प्रिय सतीश,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. सोर्सिंग विभाग, म्हणजे कारखान्यांकडून माल घेणारा विभाग, तुझ्याकडे आला हे वाचून मनापासून आनंद झाला. शेवटच्या पानावर तू जो प्रश्न टाकलास, त्याचं उत्तर मात्र दोन ओळींत उरकायचं नाही मला. तू लिहितोस, ‘कामं बाहेर गेली म्हणून तर गरीब देशांत कारखाने उभे राहिले, लोकांच्या हाताला काम मिळालं. मग तू एवढा तळमळून का बोलतोस? यात नुकसान कोणाचं?’ मी बरीच वर्षं कपड्यांच्या कारखान्याच्या बाजूनं, मर्चंडायझर म्हणून, म्हणजे ऑर्डरी सांभाळणारा माणूस म्हणून, बायरसमोर, म्हणजे ब्रँडच्या खरेदीदारासमोर बसलो. आता बायरच्या खुर्चीत तू बसणार. म्हणून सविस्तर लिहितो.

तुझ्या म्हणण्यात खरं आहे ते आधी मान्य करतो. गेल्या चाळीस वर्षांत चीनमध्ये जवळपास ८० कोटी माणसं अतिदारिद्र्यातून बाहेर आली असं जागतिक बँक सांगते, आणि त्यात निर्यातीसाठी चालणाऱ्या कारखान्यांचा हातभार आहे. बांगलादेशात लाखो बायकांच्या हाती स्वतःच्या कमाईचा पहिला पैसा आला तो शिलाई मशीनवर. हे कारखाने बंद पडावेत असं मला कधीच वाटलं नाही. आयातकर वाढवून सगळं काम मायदेशी परत आणू म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही, कारण त्यांच्या हिशेबात शिवणाऱ्या बाईला जागाच नसते. मला विचारायचंय ते एवढंच, की कामाचा मोबदला ठरतो तेव्हा तिथं कोणाचं चालतं?

तुझ्या टेबलावर आता कॉस्टिंग शीट, म्हणजे एका नगाच्या खर्चाचे तक्ते, येऊ लागतील. कापड, दोरा, बटणं, लेबल, पॅकिंग यांच्या खाली एक ओळ असते, कटिंग-मेकिंगची, म्हणजे कापण्या-शिवण्याच्या खर्चाची. तिच्या शेजारी एसएमव्ही लिहिलेला असतो, म्हणजे एक नग शिवायला लागणारी प्रमाण मिनिटं. साध्या फॉर्मल शर्टला वीस-बावीस धर. कॉलर, कफ, बटणपट्टी, बाही चढवणं, साइड सीम, एकेका ऑपरेशनची मिनिटं दशांशात मोजलेली असतात. इंचाला टाके किती पडावेत हेसुद्धा बायरच ठरवतो. ऑर्डर एका देशातून दुसऱ्या देशात हलली, तरी शर्ट तोच, टाके तेच, मिनिटंही तीच. बदलतो तो मिनिटाचा भाव.

उत्पादकता कमी असते म्हणून भाव कमी, असं तुला विभागात ऐकवतील. असते ना कमी. वीज जाते, लाइन, म्हणजे शिलाई मशीनची रांग, नीट बसवलेली नसते, नवी मुलगी हाताला सरावेपर्यंत वेळ जातो. पण लाइनची एफिशियन्सी त्याच शीटमध्ये वेगळी धरलेली असते, आणि ती धरूनही उरणारी तफावत पाहिली की माझा जीव कळवळतो. २०२४ साली जेसन हिकेल हे अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या शोधपत्रिकेत जगाच्या श्रमाचा हिशेब मांडला. जागतिक अर्थव्यवस्थेतले ९० टक्के श्रम गरीब आणि मध्यम उत्पन्नाचे देश पुरवतात, आणि जगाच्या उत्पन्नातले २१ टक्के त्यांच्या पदरात पडतात. सारख्याच कौशल्याच्या कामाला तिथली मजुरी ८७ ते ९५ टक्क्यांनी कमी. त्यांच्या पद्धतीबद्दल वाद घालता येईल. पण ब्रँको मिलानोविच हे अर्थतज्ज्ञ वेगळ्या वाटेनं गेले, आणि त्यांनाही असंच काहीसं आढळलं. जगभरच्या माणसांच्या उत्पन्नातल्या फरकाचा दोन-तृतीयांशाहून जास्त भाग, माणूस कोणत्या देशात राहतो एवढ्यावरच ठरतो. मेहनत, हुशारी, शिक्षण, नशीब हे सगळं उरलेल्या भागात.

असं का होतं, याचं मुळाशी जाऊन उत्तर द्यायचं तर माल सीमा ओलांडतो, पैसा ओलांडतो, पण शिवणारी बाई ओलांडू शकत नाही. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतल्या नेवार्क बंदरातून ‘आयडियल एक्स’ नावाचं जहाज ५८ कंटेनर घेऊन ह्यूस्टनला निघालं. सुटा माल चढवायला टनामागं जवळपास ६ डॉलर लागत, त्या जहाजावर १६ सेंट लागले. मालासाठी अंतर उरलं नाही ते तेव्हापासून. माणसांचं काय झालं पाहा. १९४२ पासून अमेरिका मेक्सिकोच्या शेतमजुरांना ठरावीक मुदतीच्या करारावर आणत होती. ब्रासेरो म्हणत त्यांना. १९६४ अखेर ती योजना बंद झाली, आणि पुढच्याच वर्षी मेक्सिकोनं सीमेलगत निर्यातीचे जोडणी-कारखाने काढायला मोकळीक दिली. मजुराला अलीकडे येऊ देईनात, तर कारखानाच पलीकडे गेला. काम अमेरिकेतल्या बाजारासाठी, मजुरी मात्र मेक्सिकोची. पुढं सगळ्या जगात जे झालं त्याचा कित्ता मला या दोन वर्षांत गिरवलेला दिसतो.

१९९० नंतर चीन, भारत आणि जुना सोव्हिएत गट एकाच बाजारात उतरले. अर्थतज्ज्ञ रिचर्ड फ्रीमन यांच्या हिशेबानं २००० सालापर्यंत जागतिक बाजारातले कामगार १४६ कोटींवरून २९३ कोटींवर गेले. भांडवल काही त्या मानानं वाढलं नव्हतं. त्यामुळं गरीब आणि श्रीमंत, दोन्हीकडच्या देशांतल्या कामगारांची बाजू लंगडी पडली. त्याच दशकात अमेरिकेत युनियन बांधायचे जे प्रयत्न झाले, त्यांतल्या निम्म्याहून अधिक ठिकाणी मालकांनी कारखाना बंद करायची किंवा हलवायची धमकी दिली होती. कामगार-प्रश्नांच्या संशोधक केट ब्रॉन्फेनब्रेनर यांच्या अभ्यासात हे नोंदलेलं आहे. प्रत्यक्षात हलवावा लागला तो फार थोड्यांना. बोलणंच पुरत होतं.

ते बोलणं मी समोर बसून ऐकलंय, सतीश. आमच्या एका मोठ्या बायरचा माणूस अतिशय सभ्य होता, आवाज कधी चढवला नाही. फाइल मिटत म्हणायचा, ‘दुसरीकडे नगामागं आठ सेंट कमी मिळतायत.’ मालक ते आठ सेंट सोडायचे, कारण ऑर्डर गेली तर लाइन रिकामी. कापडाचा भाव कमी होत नाही, बँकेचं व्याज होत नाही. उरते ती कटिंग-मेकिंगची ओळ. दुसऱ्या दिवशी लाइनच्या टोकाला लटकवलेल्या फळ्यावरचा तासाचा टार्गेटचा आकडा पुसून मोठा लिहिला जायचा. पाणी प्यायला सहज उठणारी बाई सुपरवायझरकडे एकदा बघून उठू लागायची. पुढं पुढं उठायचीच नाही. आणि शिपमेंट लेट झाली की माल विमानानं पाठवायचा, भाडं कारखान्याच्या माथी. डिझाइन बदलून उशीर बायरनंच केलेला असला तरीही. त्या टेबलावर उठून जायची मुभा एकालाच होती, आणि सगळे भाव त्या एका गोष्टीनं ठरत होते.

राणा प्लाझाची गोष्ट तुला ठाऊक आहे, पण त्यातला एक तपशील पुन्हा बघ. ढाक्याजवळ सावरला आठ मजली इमारत, वरचे मजले बेकायदा चढवलेले. २३ एप्रिल २०१३ ला भिंतींना तडे गेले. इमारतीत एक बँकही होती. बँकेनं आपल्या लोकांना दुसऱ्या दिवशी येऊ दिलं नाही. शिलाई कामगारांना मात्र पगार कापायची भीती घालून वर पाठवलं. इमारत कोसळली, १,१३४ माणसं गेली. तडे सगळ्यांनीच पाहिले होते, घरी थांबणं मात्र ज्यांना परवडलं तेच थांबले. तिथल्या काही कारखान्यांची सोशल ऑडिट, म्हणजे कामगारांच्या परिस्थितीची तपासणी, आधी झालेली होती. कराचीच्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला तर ११ सप्टेंबर २०१२ च्या आगीआधी काही आठवड्यांपूर्वीच प्रमाणपत्र मिळालं होतं. तिथं अडीचशेहून अधिक लोक होरपळून मेले. ऑडिटचा दिवस आधी कळतो, हजेरीचं दुसरं रजिस्टर कपाटात जातं, आणि ऑडिटरचे पैसे भरतो तो ज्याचं ऑडिट आहे तोच किंवा त्याचा बायर. अशा कागदावर माझा विश्वास राहिलेला नाही.

विश्वास बसला तो मे २०१३ च्या अकॉर्डवर, म्हणजे बांगलादेशातल्या कारखान्यांच्या सुरक्षेसाठी झालेल्या करारावर. ‘ब्रँडनी सही केली म्हणून काय बदलतं’ असं तूच मला एकदा विचारलं होतंस. बदललं ते असं, की तो करार कायद्यानं बंधनकारक होता. एका बाजूला दोनशेहून अधिक ब्रँड, दुसऱ्या बाजूला जागतिक आणि बांगलादेशी युनियन. तपासणीचे अहवाल जाहीर, धोका दिसला तर काम नाकारायचा कामगाराला हक्क, दुरुस्तीचा पैसा उभा राहील हे पाहणं ब्रँडवर बंधनकारक. २०१६ मध्ये युनियननी दोन ब्रँडना हेगच्या लवादापुढं खेचलं. त्यातल्या एकानं २०१८ च्या जानेवारीत २३ लाख डॉलर द्यायचं मान्य करून तडजोड केली. बंद दरवाजे काढले गेले, अग्निरोधक जिने झाले, खांब मजबूत केले गेले.

मजुरी मात्र त्या करारात नव्हती, आणि ते उणं पुढं दिसलं. २०२३ च्या शेवटी बांगलादेशात कामगार महिना २३,००० टाका (टाका हे तिथलं चलन) किमान वेतन मागत रस्त्यावर आले. काहींचा जीव गेला. मिळाले १२,५०० टाका. इमारत सुरक्षित केली, पण मिनिटाचा भाव कोणी बांधून घेतला नाही.

मजुरीपर्यंत पोचलेलं एक उदाहरण मेक्सिकोतलं आहे. २०२० च्या जुलैत अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडाचा नवा व्यापारकरार लागू झाला. एखाद्या विशिष्ट कारखान्यात युनियनचा हक्क डावलला गेला तर त्या कारखान्याच्या मालावरच कारवाई करायची सोय त्यात आहे. सिलाओ इथल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात ती वापरली गेली. ऑगस्ट २०२१ मध्ये कामगारांनी जुन्या युनियननं केलेला करार मतदानानं फेटाळला, फेब्रुवारी २०२२ मध्ये स्वतंत्र युनियन निवडून आणली, आणि मे महिन्यात साडेआठ टक्के पगारवाढ मिळवली. हे कलम आलं त्यात अमेरिकेतल्या युनियनना आपल्या नोकऱ्या टिकवायच्या होत्या, हेही कारण होतं. असू दे. दोन देशांतल्या कामगारांचं हित एका कलमात बसू शकतं, हे मला फार मोलाचं वाटतं. सीमा ओलांडता न येणाऱ्या माणसाच्या बाजूनं कायद्यानं सीमा ओलांडली, असं त्या दिवशी वाटलं होतं.

आता तुझ्याकडे येतो. जगाचा व्यापार तू एकट्यानं बदलावास असं माझं म्हणणं नाही. वरून दरवर्षी भाव पाडायचं टार्गेट तुलाही येणारच. पण काही गोष्टी तुझ्या सहीच्या आत येतात. कॉस्टिंगमध्ये मजुरीची ओळ वेगळी काढून घे आणि वाटाघाटीत तिला हात लावायचा नाही असं विभागात ठरवून टाक. काही खरेदीदार असं करतातही. कारखान्याला एका हंगामाऐवजी दोन-तीन वर्षांची ऑर्डर कबूल कर, म्हणजे मालकाला पगार वाढवताना धाप लागणार नाही. डिझाइनला उशीर तुमच्याकडून झाला तर विमानाचं भाडं तुमचं. आणि कारखान्यात युनियन आली म्हणून ऑर्डर हलवणार नाही, हे एक वाक्य व्हेंडर करारात, म्हणजे कारखान्याशी होणाऱ्या करारात, घालून घे.

रद्द केलेल्या ऑर्डरींचं कलम तर आधी बघ. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये कित्येक ब्रँडनी शिवून तयार असलेल्या मालाचे पैसेसुद्धा अडवले होते. कापडाचे पैसे कारखान्यांनी केव्हाच भरलेले. लोकांनी जगभर ओरड केली तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांनी पैसे दिले. सगळ्यांनी नाही. तुमच्या करारात आपत्तीचं कलम, म्हणजे आपत्ती आली तर करारातून मोकळीक देणारं कलम, कोणत्या शब्दांत आहे, आणि कापड कापल्यानंतर ऑर्डर रद्द केली तर काय, हे मला कळव. शक्य असेल तर कंपनीचं नाव झाकून त्या पानाची नक्कल पाठव. कारखान्याच्या नजरेनं मी ते ओळ न् ओळ वाचून, कुठं काय बदलून मागायचं ते समासात लिहून परत पाठवीन. तुझी पहिली वाटाघाट कधी आहे तेही लिही, त्याआधी हे व्हायला हवं.

तुझा,
मधू