खर्ऱ्याला पाकीट नसतं, मंत्रिमहोदय

माननीय आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

माझा धाकटा भाऊ तर्री-पोह्यांशिवाय सकाळ काढत नसे. दोन वर्षांपूर्वी एकाएकी म्हणाला, तर्री नको, तोंड पोळतं. आम्हाला वाटलं, पित्त असेल. दंतवैद्यांनी त्याला स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घालायला सांगितली. दोनच गेली, तीही जेमतेम. गालाची आतली कातडी पांढरट, ताठ झाली होती. वय २६. अकरावीपासून दिवसाला चार-पाच खर्रे.

नागपुरात खर्रा म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. मंत्रालयातल्या अधिकाऱ्यांसाठी सांगते: सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीत टाकून पानठेल्यावर घोटतात आणि त्याच पन्नीची पुडी करून हातात देतात. पाकीटच नाही, त्यामुळे कर्करोगाचं चित्र नाही, इशारा नाही. पोरं म्हणतात, "सुपारीच तर आहे." नुसती सुपारीही कर्करोग करते, हे त्यांना सांगायचं कुणी?

देशात तंबाखूचा वापर घटतो आहे, हे मला मान्य आहे. २००९-१० मध्ये ३४.६ टक्के प्रौढ तंबाखू घेत होते, २०१६-१७ मध्ये २८.६ टक्के. पण त्याच पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के आणि धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के निघाले. मग आपल्या भिंतींवर सिगारेटवर फुली मारलेलीच चित्रं का?

राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे. शाळा-कॉलेजांपासून १०० यार्डांत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्यानं मनाई आहे. हे अंतर खर्रा घोटणाऱ्या ठेल्यापासूनही मोजलं जावं. आणि ती तीन बोटांची तपासणी प्रत्येक शाळेत, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात व्हावी. तिला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही, मिनिटही लागत नाही. भावाची ती अकरावीत झाली असती तर! आखडलेलं तोंड पुन्हा पूर्ण उघडेलच असं नाही, असं डॉक्टर सांगतात.

त्यानं खर्रा सोडलाय. रोज सकाळी तो आरशासमोर दातांमध्ये लाकडी पट्ट्या एकावर एक रचून तोंड ताणतो. सध्या अकरा पट्ट्या बसतात. अधिवेशनासाठी नागपूरला याल तेव्हा दहा मिनिटं द्या, मी त्याला घेऊन येते.

आपली,
नागपूरची एक शिक्षिका