परीक्षेआधीच्या कॅप्सूल आणि बाळंतिणीच्या ताटातला बांगडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की मुंबईत मेंदूच्या खाण्यापिण्याचा बाजार सुरू होतो. आमच्या भागातल्या एका क्लासने पालकसभेत चक्क डीएचएच्या (माशांच्या तेलात मिळणाऱ्या एका ओमेगा-३ चरबीच्या) कॅप्सूलची पत्रकं वाटली, महिनाभर रोज दोन घ्या, मुलाची मेमरी वाढेल म्हणून, आणि ज्यांची क्लासची फी भरतानाच ओढाताण होते त्या पालकांनीसुद्धा त्या घेतल्या. दुसरीकडे व्हॉट्सॲपवर मेसेज फिरतोय की मेंदू ६० टक्के चरबीचा असतो म्हणून मुलांना भरपूर तूप द्या. मी बरीच वर्षं ज्युनियर कॉलेजला बायोलॉजी शिकवलंय, त्यामुळे हे बघून गप्प बसवत नाही. पत्र जरा लांबलंय, पण शक्यतो पूर्ण छापा.

आधी ते ६० टक्के. ताज्या मेंदूत तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं. ते काढून टाकल्यावर जे सुकं उरतं त्यात निम्म्याहून जास्त चरबी, इतकंच त्यातलं खरं. आणि ही चरबी पोटावर साठते तसली नाही, ती पेशींच्या पातळ आवरणात आणि मज्जातंतूंवरच्या मायलिन नावाच्या वेष्टणात असते, त्यातली बरीचशी मेंदू स्वतःच बनवतो. कोलेस्टेरॉलच घ्या. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, तरी शरीरातलं जवळपास पाव कोलेस्टेरॉल तिथे असतं, पण ते सगळं तिथेच तयार झालेलं, आपण खाल्लेलं कोलेस्टेरॉल रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या पडद्यापलीकडे जातच नाही. तूप वरणभातावर जरूर घ्या, चवीसाठी घ्या, पण त्याने मेंदू भरतो असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

मग खाण्यावर अवलंबून काय असतं? तर काही मोजकी फॅटी ॲसिडं, म्हणजे चरबीचे घटक. बर नावाच्या अमेरिकन नवराबायकोने १९२९ साली उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की आहारातून चरबी पूर्ण काढली तर उंदीर आजारी पडतात, कारण काही फॅटी ॲसिडं शरीराला बनवताच येत नाहीत. त्यातली दोन महत्त्वाची, ओमेगा-६ घराण्यातलं लिनोलेइक आणि ओमेगा-३ घराण्यातलं अल्फा-लिनोलेनिक. या दुसऱ्यापासून शरीर पायरीपायरीने डीएचए बनवतं, पण अगदी थोडं, बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जरा जास्त. मेंदूतलं आणि डोळ्याच्या पडद्यातलं मुख्य ओमेगा-३ म्हणजे हेच डीएचए. ते मेंदूत नेणारा एक खास वाहक आहे, एमएफएसडी२ए नावाचं प्रोटीन, सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी त्याचं हे काम २०१४ साली दाखवून दिलं. ज्या मुलांमध्ये जन्मतः त्याच्या जनुकात मोठा बिघाड असतो त्यांचं डोकं लहान राहतं, यावरून त्याचं महत्त्व कळतं.

आता परीक्षेच्या कॅप्सूलचा हिशेब बघा. मोठ्या माणसाच्या मेंदूत सगळं मिळून साधारण ५ ग्रॅम डीएचए असतं आणि स्कॅन करून केलेल्या एका अभ्यासाप्रमाणे मेंदू रक्तातून दिवसाला साधारण ४ मिलिग्रॅमच घेतो, म्हणजे त्यातलं निम्मं बदलायला सुमारे अडीच वर्षं लागतात. इतक्या संथ गतीने चालणाऱ्या गोष्टीत फेब्रुवारीत गोळ्या सुरू करून मार्चच्या पेपरला काय फरक पडणार? अल्झायमरच्या पेशंटना दीड वर्ष रोज २ ग्रॅम डीएचए देऊन बघितलं, २०१० साली निकाल आला, विस्मरण वाढायचा वेग कमी झाला नाही. धडधाकट मुलाला महिनाभरात हुशार करायचं आश्वासन द्यायला काहीही आधार नाही, आणि पालकांच्या काळजीवर पैसे कमावणं मला अजिबात पटत नाही.

पण एक काळ असा आहे की तेव्हा खाण्याचा खरंच फरक पडतो, आणि त्याबद्दल कोणी पत्रकं वाटत नाही. गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने आणि बाळाची पहिली दोन वर्षं. जन्मावेळी साडेतीनशे-चारशे ग्रॅमचा मेंदू दोन वर्षांत किलोच्या आसपास जातो आणि त्याच काळात त्यात डीएचए भराभर साठतं. ते येतं आईकडून, आधी नाळेतून मग दुधातून, आणि दुधातलं डीएचए आई काय खाते त्यावर ठरतं. गरोदरपणात ओमेगा-३ घेण्याबद्दलच्या ७० चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने २०१८ साली काढला, त्यात दिवस भरायच्या आधी बाळंत होण्याचं प्रमाण ११ टक्क्यांनी कमी दिसलं. मुलं जास्त हुशार होतात असं मात्र त्यातून ठामपणे सिद्ध झालेलं नाही, तेही सांगायला हवं, नाहीतर माझ्यात आणि त्या पत्रकात फरक काय.

आणि नेमकं याच काळात आपल्या कितीतरी घरांत, मासे खाणाऱ्या घरांतसुद्धा, बाईचे मासे बंद करतात. उष्ण पडतात, बाळाचं पोट बिघडतं, बाळंतिणीला नको, अशी कारणं सांगतात. आपल्या किनाऱ्यावर बांगडा आणि तारली यांच्यासारखे तेलकट मासे मिळतात, ज्यांत ओमेगा-३ भरपूर आणि जे पापलेट-सुरमईच्या मानाने कितीतरी स्वस्त. गरोदर बाईला दिवसाला किमान २०० मिलिग्रॅम डीएचए मिळावं असं जागतिक तज्ज्ञांचं म्हणणं आहे, आठवड्यातून दोनदा हे मासे खाल्ले तरी सरासरी बहुतेक भरून निघते. पारा असतो म्हणून घाबरणाऱ्यांनी मुशीसारखे मोठे शिकारी मासे टाळावेत, लहान माशांत तो फार कमी असतो. तळण्यापेक्षा तिखलं किंवा कालवण बरं, तळताना माशात कढईतलं तेल शिरतं आणि त्याचं स्वतःचं थोडं बाहेर जातं.

जे मासे खात नाहीत त्यांनीही घाबरू नये, शाकाहारी माणसाच्या मेंदूत काही कमी असतं असा अर्थ यातून काढू नका. दिवसाला चार मिलिग्रॅमची गरज थोड्या रूपांतरातूनही भागू शकते. जवसाच्या तेलात निम्मं अल्फा-लिनोलेनिक असतं, आपली जवसाची चटणी म्हणूनच चांगली, अक्रोड आहे, आणि बाळंतिणीला अळिवाचे लाडू द्यायची आपली जुनी पद्धत या हिशेबात फार शहाणपणाची आहे, अळिवातही अल्फा-लिनोलेनिक असतं. अडचण आहे ती सूर्यफूल आणि करडई तेलाची, त्यांत लिनोलेइक भरमसाट आणि अल्फा-लिनोलेनिक जवळपास नाहीच, आणि या दोन्ही फॅटी ॲसिडांचं रूपांतर करणारं एन्झाइम एकच, मग जे जास्त ते पुढे जातं. मोहरी किंवा सोयाबीन तेल आलटून पालटून वापरलं तरी हे प्रमाण सुधारतं. गरोदर शाकाहारी बाईने शेवाळापासून काढलेल्या डीएचएबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं, मासेसुद्धा आपलं डीएचए मुळात शेवाळातूनच मिळवतात.

तुमच्या आरोग्य पुरवणीत दरवर्षी परीक्षेच्या दिवसांत बुद्धी वाढवणाऱ्या दहा पदार्थांचा लेख येतो. यंदा त्या जागी गरोदर आणि बाळंतिणीच्या जेवणावर, आहारतज्ज्ञाकडून लिहून घेऊन, अर्धं पान द्यावं. आणि महापालिकेच्या प्रसूतिगृहांत तपासणीला येणाऱ्या बायकांना लोहाच्या गोळ्यांसोबत हे दोन मिनिटांत सांगता येईल का, हेही तुमच्या वार्ताहराने तिथल्या अधिकाऱ्यांना विचारावं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
भांडुप, मुंबई