फ्लॅट विकायचा नाही

मेलबर्न

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न.

इथे माझ्याकडे राहायला येण्यासाठी लागणाऱ्या व्हिसाच्या फीसाठी गंगापूर रोडचा फ्लॅट विकायचं तुमच्या मनात आहे, असं दादा म्हणाला. बाबा, घाई करू नका.

कायमच्या व्हिसाची स्वस्तातली रांग तीस वर्षांच्या आसपास आहे, ती सोडूनच द्या. दुसऱ्या प्रकारात माणशी जवळपास 50 हजार ऑस्ट्रेलियन डॉलर भरायचे, म्हणजे दोघांचे पन्नास लाखांवर रुपये, आणि तरीही दहा वर्षांहून जास्त थांबायचं. एवढी फी का? 2016 साली इथल्या प्रॉडक्टिव्हिटी कमिशनने, म्हणजे सरकारला सल्ला देणाऱ्या संस्थेने, हिशेब मांडला होता. उतारवयात आलेल्या एका पालकामागे सरकारला आयुष्यभरात 3 लाख 35 हजार ते 4 लाख 10 हजार डॉलरची झळ बसते, दवाखाना, देखभाल, पेन्शन सगळं धरून. वाचून मला रडू आलं, पण हिशेब खोटा नाही. मेडिकेअर, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, लोकांच्या करावर चालते. तुमच्यासाठी पैसे मागितले तर मी आनंदाने भरेन. पण पैसे घेऊनही सत्तरी ओलांडलेल्या माणसांना दहा-दहा वर्षं ताटकळत ठेवायचं, हे मला अन्यायाचं वाटतं. 2023-24 मध्ये सगळ्या देशांतल्या पालकांना मिळून जागा होत्या फक्त 8,500.

म्हणून मी 870 नंबरचा तात्पुरता व्हिसा बघतेय. तो तीन किंवा पाच वर्षांचा मिळतो, एकूण दहा वर्षं राहता येतं. त्यात मेडिकेअर नाही, खाजगी विमा घ्यावा लागतो. सरकारी दवाखान्याचं बिल थकलं तर ते फेडायची जबाबदारी माझी. त्याची मला भीती नाही. काळजी आहे ती जुन्या दुखण्यांची. बहुतेक विमा कंपन्या त्यांच्यासाठी पहिले बारा महिने काही देत नाहीत. बाबांचा स्टेंट आणि आई, तुझा गुडघा, दोन्ही त्यातच आले.

तेव्हा आई, गुडघ्याचं ऑपरेशन नाशिकलाच करून घे. मी रजा काढून येते, वहिनीवर सगळं पडायला नको. पुरतं चालायला लागलीस की मगच तिकिटं काढू. तुम्हा दोघांची सत्तरी झालीय, तर मोफत उपचारांचं सरकारी आयुष्मान वय वंदना कार्डही काढा. उत्पन्नाची अट नाही, दोघांत मिळून वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार होतात. ऑपरेशन त्यात बसतं का, ते दादाने दवाखान्यात आधी विचारावं.

आणि फ्लॅट तसाच राहू दे. या व्हिसावर कधीतरी परत यावंच लागतं, तेव्हा स्वतःचं घर हवं. फी आणि विम्याचं मी बघते. बाबांची अँजिओप्लास्टीची फाईल आणि आईचे एक्स-रे दादाला या आठवड्यात पाठवायला सांगा, विमा कंपनीला दाखवायचे आहेत.

तुमची लाडकी,
ताई